नळी आखूड करायची की काडतूसच बदलायचं? (पीडीडब्ल्यू, त्यांची काडतुसं आणि नळीच्या तोंडावरचं सामान)

तोफखाना वाचक
सैन्यातल्या प्रत्येकाचं मुख्य काम रायफल चालवणं नसतं. ट्रकचालक, रणगाड्यातली माणसं, तोफेवरचे, सिग्नलवाले, हेलिकॉप्टरचे वैमानिक. पण वेळ आलीच तर हाताशी काहीतरी हवं. पूर्ण लांबीची रायफल त्यांना अडचणीची होते, आणि पिस्तुलाने घाईगडबडीत पन्नास मीटरवर नेम धरणं भल्याभल्यांना जमत नाही. या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे पर्सनल डिफेन्स वेपन, पीडीडब्ल्यू.

यात मला तीन घराणी दिसतात. पहिलं म्हणतं, आहे तीच रायफल घ्या आणि नळी आखूड करा. सोव्हिएत एकेएस-७४यू किंवा व्हिएतनामच्या काळातली अमेरिकन एक्सएम१७७ ही त्यातली. काडतूस तेच, सराव तोच. दुसरं घराणं आखूड नळीसाठी नवं काडतूसच तयार करतं : एफएनची पी९० आणि तिचं ५.७×२८ मि.मी. (पहिला आकडा गोळीचा व्यास, दुसरा पुंगळीची लांबी), हेकलर अँड कोखची एमपी७ आणि तिचं ४.६×३० मि.मी. तिसरं मधलं, .३०० ब्लॅकआउट. एआर जातीची (एम१६ च्या घराण्यातली) रायफल तशीच ठेवायची, फक्त नळी बदलायची.

मी दुसऱ्या घराण्याचा. ५.५६ चं काडतूस (एम१६ चं नेहमीचं, ५.५६×४५ मि.मी.) जन्मलं ते वीस इंची नळीसाठी. तिला दहा इंचांवर आणलं की दारूचं बरंचसं काम नळीबाहेर, चालवणाऱ्याच्या तोंडासमोर होतं. मग ते झाकायला फ्लॅश हायडर (ज्वाला लपवणारा), ब्रेक (झटका कमी करणारा), सायलेन्सर असं एकेक जोडत बसायचं. त्यापेक्षा मुळात काडतूसच नळीच्या मापाचं का नसावं? मतं येऊ द्यात.

अवकाळी
पुढच्या रांगेतली खुर्ची पकडली आहे. आजवर काडतुसाच्या एकाही धाग्यावर शांतता नांदलेली पाहिलेली नाही.

तिरकस
मिनिटाला नऊशे गोळ्यांच्या वेगाने केलेलं 'स्वसंरक्षण' पाहून डोळे पाणावले.

तोफखाना वाचक
@तिरकस, समोरच्याच्या हातात एके असली की आपोआप कोरडे होतील.

इतिहासाचा किडा
तीन घराण्यांच्या आधीचे मूळपुरुष राहिलेच की. अमेरिकेची एम१ कार्बाइन, १९४१. मागणी हीच होती : पिस्तुलाऐवजी देता येईल असं हलकं हत्यार. तेव्हाची मुख्य गरँड रायफल ४.३ किलोची, ही साधारण २.४ किलोची. मॅगझिन १५ गोळ्यांचं, काडतूस ७.६२×३३, गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर. महायुद्ध संपेपर्यंत ६० लाखांहून अधिक बनल्या. 'पीडीडब्ल्यू' हे नाव जन्माला यायच्या कितीतरी आधी हे काम एकदा यशस्वी होऊन गेलेलं आहे, आणि तेही नव्या काडतुसानेच. म्हणजे धागाकर्त्याच्या बाजूला एक मत.

जाता जाता : या कार्बाइनी बनवणाऱ्यांत टाइपरायटरवाली अंडरवुड होती, आयबीएम होती आणि ज्यूकबॉक्स बनवणारी रॉक-ओलासुद्धा होती. सगळ्यात जास्त माल जनरल मोटर्सच्या इनलँड विभागाने काढला.

मृण्मयी क
ज्यूकबॉक्सवाले???

इतिहासाचा किडा
हो. आणि तिच्या गॅस पिस्टनची (गोळीमागच्या वायूच्या जोरावर पुढची गोळी भरून देणारा भाग) कल्पना ज्याची, तो डेव्हिड मार्शल विल्यम्स एका पोलीस अधिकाऱ्याच्या खुनासाठी तुरुंगात होता. बंदुकीच्या यंत्रणांवरचे त्याचे सुरुवातीचे प्रयोग तुरुंगातल्या कारखान्यातच झाले. बाकी कार्बाइनची रचना विंचेस्टरच्या चमूची, पण नाव झालं ते याचंच.

अवकाळी
कैद्याला कारखान्यात बंदुकीचं काम करू देणारा तुरुंगाधिकारी मला त्या विल्यम्सपेक्षा जास्त धाडसी वाटतो.

सुभेदार निवृत्त
आम्ही स्टर्लिंग वापरली. ९ मि.मी., मॅगझिन डाव्या बाजूला आडवं, ३४ गोळ्यांचं, दस्ता घडीचा. वाहनात घेऊन बसायला उत्तम. झटका जवळपास नाहीच, नवीन पोरगाही पहिल्या दिवशी लक्ष्यावर गोळ्या लावायचा. पण शंभर मीटरच्या पलीकडे गोळी खाली उतरायला लागते आणि समोरच्याने बुलेटप्रूफ जॅकेट घातलं असेल तर त्याला नुसता गुद्दा बसतो. तुमचा हा सगळा वाद त्या जॅकेटापासून सुरू होतो, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

तोफखाना वाचक
सुभेदारसाहेब, नेमकं बोललात. १९८० च्या दशकात सोव्हिएत सैनिकांच्या अंगावर जॅकेटं दिसू लागली आणि नाटोला ९ मि.मी. अपुरं वाटू लागलं. चाचणीचं प्रमाण लक्ष्य ठरलं क्रिसॅट : १.६ मि.मी. जाडीचा टायटॅनियमचा पत्रा आणि त्यामागे केवलार या चिवट कापडाचे २० थर. साधी ९ मि.मी. गोळी तिथे थांबते. ५.७ आणि ४.६ ची अणकुचीदार, पोलादी टोकाची गोळी पार जाते.

लेथमशीन
थोडं गणित करू, म्हणजे भावनांना आवर बसेल.

९ मि.मी. : गोळी ८ ग्रॅम, वेग ३६० मी./से. ऊर्जा साधारण ५१८ ज्यूल.
५.७×२८ (एसएस१९०) : गोळी २ ग्रॅम, वेग ७१५ मी./से. ऊर्जा साधारण ५११ ज्यूल.

म्हणजे ऊर्जेत दोघे भाऊ-भाऊ. फरक कुठे? वस्तुमान गुणिले वेग काढा. ९ मि.मी. चं २.९ येतं, ५.७ चं १.४. खांद्याला बसणारा झटका या आकड्यावर चालतो, त्यामुळे तो निम्म्यावर आला. शिवाय तेवढीच ऊर्जा कमी व्यासाच्या टोकावर एकवटली, म्हणून जॅकेट भेदलं. आणि वेग दुप्पट म्हणून गोळीचा मार्ग सपाट, दीडशे मीटरवरही फार अंदाज बांधावा लागत नाही. हे सगळं पी९० च्या बाजूने.

आता दुसरी बाजू. एके-७४ ची नळी ४१५ मि.मी., वेग ९००. एकेएस-७४यू ची नळी सुमारे २०६ मि.मी., वेग ७३५. गोळी ३.४ ग्रॅमची धरली तर ऊर्जा १३७७ वरून ९१८ ज्यूलवर आली. एक तृतीयांश पाण्यात गेली, कबूल. पण उरलेली ९१८ ही पी९० च्या ५११ पेक्षा कितीतरी जास्तच आहे ना? 'अर्धवट काम करून बाहेर पडलेलं' काडतूससुद्धा तुमच्या खास काडतुसाला मागे टाकतं. धागाकर्त्याने यावर बोलावं.

कुंपणावरचा
लेथमशीन +१. बसल्या जागी गडी बाद केला.

तोफखाना वाचक
बाद वगैरे काही नाही. एकेएस-७४यू दस्ता दुमडून ४९ सें.मी., उघडून ७३. पी९० खांद्याला लावून चालवायच्या अवस्थेतच ५० सें.मी.ची आहे. बुलपप रचना (यंत्रणा चापाच्या मागे), मॅगझिन नळीच्या वर आडवं, ५० गोळ्या, रिकाम्या पुंगळ्या खालून पडतात त्यामुळे डावखुऱ्यालाही अडचण नाही. रणगाड्याच्या झाकणातून बाहेर पडताना दस्ता उघडत बसायला वेळ असतो का? आणि ज्याला वर्षातून मोजक्याच गोळ्या झाडायला मिळतात त्या चालकाला निम्मा झटका म्हणजे नेम लागणं न लागणं यातला फरक. ज्यूल कागदावर मोजतात, गोळी लागावी लागते.

तिरकस
'गोळी लागावी लागते' यावर मात्र सर्वपक्षीय एकमत व्हायला हरकत नसावी.

मृण्मयी क
मला यातलं फार कळत नाही, वाचायला आवडतं. एक विचारू? आखूड नळीतून मोठी आग निघते ती न जळलेल्या दारूची, असं सगळीकडे वाचते. मग नुसती लवकर जळणारी दारू घातली की झालं, नाही का? आणि ते सायलेन्सर लावलं की सिनेमात 'थुप्प' होतं, ते खरं असतं का?

लेथमशीन
@मृण्मयी, पहिला प्रश्न जितका साधा वाटतो तितका नाही.

न जळलेले कण असतात, पण मोठा भडका त्यांचा नसतो. नळीतली दारू जळते तेव्हा तिला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, त्यामुळे जो वायू तयार होतो त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन भरपूर. हे दोन्ही ज्वलनशील. गोळीमागून तो तापलेला वायू बाहेर पडतो, हवेत मिसळतो आणि बाहेर दुसऱ्यांदा पेट घेतो. तो डोळे दिपवणारा गोळा हाच. नळी आखूड असली की वायू बाहेर पडताना जास्त तापलेला आणि जास्त दाबाखाली असतो, म्हणून हा दुसरा पेट हमखास.

फ्लॅश हायडरच्या फटी तो वायू फोडून विस्कटतात, पेट घेण्याइतका गरम गोळा एका जागी राहू देत नाहीत. दारूतही पोटॅशियमचे क्षार मिसळतात, ते हा दुसरा पेट रासायनिकरीत्या दाबतात, बदल्यात धूर वाढतो. आणि हो, लवकर जळणारी दारू हा अर्धा उपाय आहे, पण तिने दाब एकदम चढतो आणि दाबाला मर्यादा असते. म्हणून तर आखूड नळीला पुंगळीचं पोटच लहान लागतं. (हे लिहिताना मी धागाकर्त्याच्याच बाजूने बोलतोय हे कळतंय मला. चालायचंच.)

इतिहासाचा किडा
याच भडक्यावरून एक्सएम१७७ ची गोष्ट. पहिल्या आवृत्तीची नळी दहा इंची. आवाज आणि ज्वाला एवढी की तोंडावर चांगला सव्वाचार इंचांचा 'मॉडरेटर' बसवला आणि पुढे नळीही ११.५ इंच केली. मॉडरेटरचं काम असं की आवाज थोडा खाली आणायचा आणि मागचा दाब वाढवून यंत्रणा नीट चालवायची. गंमत म्हणजे नंतर अमेरिकन कायद्याच्या खात्याने तो मॉडरेटर चक्क सायलेन्सर या वर्गात टाकला.

आणि एकेएस-७४यू च्या तोंडावरचा तो डब्यासारखा भाग शोभेचा नाही. नळी इतकी आखूड की गोळी बाहेर पडली की दाब लगेच कोसळतो, मग पिस्टनला ढकलायला काही उरत नाही. तो डबा वायूला क्षणभर अडवून दाब टिकवतो. काढून टाकला तर बंदूक रडतखडत चालते.

सुभेदार निवृत्त
फ्लॅश हायडरवरून. सुरुवातीच्या एम१६ वर तीन उघड्या काट्यांचा होता, तो झाडाझुडपांत अडकायचा. मग पुढून बंद पिंजरा केला. एम१६ए२ या पुढच्या आवृत्तीत त्याच्या खालच्या फटीही बुजवल्या, पालथं पडून झाडताना धूळ उडू नये म्हणून. धूळ उडाली की तुमची जागा समोरच्याला कळते. छोट्या गोष्टी असतात, पण माणसं त्यानेच वाचतात.

कुंपणावरचा
मझल ब्रेकचं कुणी काढलंच नाही. आखूड ५.५६ वर ब्रेक लावणाऱ्या माणसाशेजारी बंद रेंजवर उभं राहण्याचा योग मला आलाय. वायू बाजूंना फेकून तो झटका कमी करतो हे खरं, पण तो वायू नेमका शेजाऱ्याच्या कानशिलात. प्रत्येक गोळीला छातीत धक्का जाणवतो. त्या सद्गृहस्थांचे सगळे छर्रे... आपलं, सगळ्या गोळ्या एकाच भोकात जात होत्या आणि ते खूश होते. मी दोन खण पलीकडे सरकलो.

५.५६ ला मुळात झटका तो किती! त्यावर ब्रेक म्हणजे स्वतःची सोय आणि जगाला ताप.

अवकाळी
'छर्रे' पकडलेत. संपादनाची वेळ टळून गेली आहे.

लेथमशीन
त्यावर एक तोडगा मिळतो, आवाज पुढे ढकलणारी नळकांडी. नळीच्या तोंडाभोवती पुढून उघडी बरणी बसवल्यासारखं. एकूण आवाज कमी होत नाही, फक्त चालवणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या दिशेने कमी येतो. झटक्यावर फारसा परिणाम नाही. वाहनात किंवा खोलीत आखूड नळी चालवायचीच असेल तर ब्रेकपेक्षा हे शंभर पटीने बरं.

आता मृण्मयीचा 'थुप्प'. सायलेन्सरची कल्पना बाजारात आणली हायरम पर्सी मॅक्सिमने, पेटंट १९०९ चं. हाच माणूस इंजिनांचे मफलरही करायचा, आणि तत्त्व एकच : वायूला खोल्याखोल्यांतून फिरवून थंड आणि संथ करून सोडायचं. चांगला सप्रेसर (सायलेन्सरचंच दुसरं नाव) साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. आखूड ५.५६ चा आवाज १६० च्या बराच वर. वजाबाकी केली की आकडा १४० च्या आसपास येतो, आणि अशा क्षणिक आवाजाला कानासाठी धोक्याची रेषाही १४० चीच धरतात. म्हणजे बहिरेपणातून सुटका, थुप्प नाही.

शिवाय गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर ती स्वतः हवेत कडाड् करत जाते, त्याला सप्रेसर काही करू शकत नाही. आणि पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा जोरात वाजते, कारण आतल्या हवेतला ऑक्सिजन तोवर शिल्लक असतो. वर सांगितलेला दुसरा पेट तेव्हा सप्रेसरच्या पोटात लागतो.

मृण्मयी क
म्हणजे सिनेमावाल्यांनी आम्हाला इतकी वर्षं फसवलं. धन्यवाद लेथमशीन, इतकं सोपं करून सांगितल्याबद्दल.

तोफखाना वाचक
कडाड् टाळायचं तर गोळी ध्वनीखाली आणावी लागते, सुमारे ३४० मी./से. च्या खाली. ५.७ किंवा ५.५६ ची हलकी गोळी तेवढी मंद केली तर हातात उरतं काय? इथे .३०० ब्लॅकआउट जिंकतं हे मान्य करावंच लागेल. २२० ग्रेन म्हणजे १४ ग्रॅमची गोळी, वेग ३१० च्या आसपास, तरी ६७० ज्यूल. ५.७ पेक्षा जास्त, आणि कडाड् नाही. तीच नळी, तेच मॅगझिन, हलकी गोळी घातली की काडतूस पुन्हा रायफलीसारखं वागतं.

लेथमशीन
आणि ते आखूड नळीत का जमतं, तर ५.५६ च्याच पुंगळीला कापून तिच्या तोंडावर मोठ्या व्यासाची गोळी बसवली आहे. दारू कमी, आणि भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट. वायूला पसरायला जागा लगेच मिळते, नऊ इंचांच्या आत बहुतेक काम उरकतं. अमेरिकेत २०११ मध्ये या काडतुसाला प्रमाणित माप मिळालं आणि सहा-सात इंची नळ्यांचं पेवच फुटलं.

सुभेदार निवृत्त
'तेच मॅगझिन' हे कौतुकाने लिहिलंत, मला तिथेच भीती वाटते. .३०० ची गोळी ५.५६ च्या बंदुकीत शिरू शकते. बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा भाग) बंद होतो, चाप ओढला जातो, आणि ७.८ मि.मी.ची गोळी ५.७ मि.मी.च्या भोकात घुसायला बघते. बंदूक फुटते. हात, चेहरा, काहीही जाऊ शकतं. दोन्ही ठेवणाऱ्याने मॅगझिनांना रंगीत पट्ट्या लावाव्यात, आणि एका वेळी एकच जात रेंजवर न्यावी. आमच्या वेळी दोन जातींची काडतुसं एका टेबलावर दिसली तर उस्ताद टेबलच उलटं करायचा.

कुंपणावरचा
सुभेदारसाहेबांचा हा प्रतिसाद धाग्याच्या वरच्या बाजूला डकवायला हवा.

नवा भिडू ९९
छान माहिती. कुणी सांगू शकेल का, सप्रेसर घरच्या घरी

संपादक मंडळ
वरील प्रतिसादाचा उरलेला भाग काढून टाकला आहे. शस्त्रं किंवा त्यांचे भाग बनवणं, त्यांत फेरफार करणं, विनापरवाना मिळवणं यावर इथे चर्चा होणार नाही. इतिहास आणि तंत्रज्ञान चालू द्या.

अवकाळी
भिडू ९९ साहेब, वाक्य मध्येच तुटलं हेच तुमच्या भल्याचं झालं.

इतिहासाचा किडा
कायद्याचा विषय निघालाच आहे तर : नळी किती आखूड, हा प्रश्न अमेरिकेत अभियंत्यांइतकाच कायद्यानेही ठरवला आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने आखूड रायफली आणि सायलेन्सर नोंदणीखाली आणले, वर २०० डॉलरचा कर, त्या काळी बंदुकीहून महाग. रायफलीची किमान नळी आधी १८ इंच होती, १९६० मध्ये १६ झाली. तिथल्या दुकानांत दिसणारी असंख्य '१६ इंची' मॉडेलं तिथून आली, त्या आकड्यामागे बॅलिस्टिक्स नाही. २०२५ च्या कायद्याने तो कर २०२६ पासून शून्य केला, नोंदणी मात्र राहिली.

तिरकस
मूळ प्रश्नाकडे वळू या का? पी९० इतकी भारी, तर ती ट्रकचालकाच्या हातात का दिसत नाही? मला ती कायम काळ्या चष्म्याच्या अंगरक्षकाकडेच दिसते.

इतिहासाचा किडा
बरोबर निरीक्षण. नाव कमावलं तेही कमांडोंच्या हातात. १९९७ मध्ये लिमा इथे जपानी राजदूताच्या निवासस्थानातून ओलिसांना सोडवताना पेरूच्या कमांडोंनी ती वापरली. चालकासाठी बनवलेलं हत्यार चालक सोडून सगळ्यांनी घेतलं.

तोफखाना वाचक
कारण पुरवठा. एका काडतुसासाठी कारखाना, गोदाम, खोकी, हिशेब, सगळं वेगळं लागतं. आणि ज्याला ते द्यायचं तो माणूस यादीत सगळ्यात शेवटी. भारताची जेव्हीपीसी कार्बाइनच बघा ना. डीआरडीओच्या एआरडीई या प्रयोगशाळेने तिच्यासाठी ५.५६×३० असं स्वतंत्र काडतूस केलं. व्यास नेहमीचा, पुंगळी आखूड, म्हणजे विचार अगदी माझ्या बाजूचा. तरी सैन्याने क्लोज क्वार्टर कार्बाइनची मागणी काढली ती पुन्हा नेहमीच्या ५.५६×४५ मध्येच.

त्यातून नाटोचा घोळ. २००२-०३ च्या चाचण्यांत ५.७ सरस ठरलं, जर्मनीने आक्षेप घेतला आणि प्रमाणीकरण अडकलं ते अडकलं. ५.७ ला नाटोचा शिक्का मिळाला २०२१ मध्ये.

लेथमशीन
पुरवठा हे एक कारण. मोठं कारण एम४, एम१६ ची आखूड बहीण. साडेचौदा इंची नळी, सरकता दस्ता, १९९४ मध्ये आली. मूळ योजनेत ती ज्यांना पूर्ण रायफल नको त्यांच्यासाठी होती. पण पायदळालाच आवडली. वाहनातून उतरायचं, दारातून शिरायचं, जॅकेट घालून खांद्याला लावायचं, सगळीकडे आखूडच सोयीची. बघता बघता तीच मुख्य रायफल झाली आणि पीडीडब्ल्यूची जागा आपोआप भरली. चालकालाही एम४, शिपायालाही एम४.

आणि आता उलटी दिशा. अमेरिकेने २०२२ मध्ये निवडलेल्या ६.८×५१ च्या रायफलीची नळी तेरा इंच, दाब प्रचंड, आणि सप्रेसर सोबतच मिळतो. नळी आखूड, सप्रेसर लावून लांबी पुन्हा वीसच्या आसपास. चालकाच्या मांडीवर ती कशी बसणार हे बघायला मला आवडेल.

तिरकस
म्हणजे तीस वर्षांनी पुन्हा कुणीतरी पीडीडब्ल्यूची मागणी काढणार. तेव्हा हा धागा वर आणा.

कुंपणावरचा
एक राहिलं. आखूड नळीवर सप्रेसर लावल्यावर मागे जो वायू येतो त्याचं काय? डोळ्यांत मिरची गेल्यासारखं होतं म्हणतात.

लेथमशीन
सप्रेसर वायू अडवतो, अडलेला वायू वाट मिळेल तिकडे जातो, आणि एक वाट बोल्टकडून तुमच्या चेहऱ्यावर आहे. बोल्टही गरजेपेक्षा जोरात मागे येतो, भाग लवकर झिजतात. म्हणून गॅस नियंत्रक असलेल्या पिस्टनच्या बंदुका इथे बऱ्या पडतात, आणि हल्ली वायू पुढे वाहू देणारे सप्रेसर निघालेत. ते चेहरा वाचवतात, आवाज किंचित जास्त. उत्पादक सप्रेसरवर किमान नळीची अट छापतात ती पाळायची, कारण सात इंचांवर दाब इतका असतो की आतले पडदे खाऊन टाकतो. टायटॅनियमचे तर ठिणग्याही फेकतात.

मृण्मयी क
शेवटचा बाळबोध प्रश्न. पी९० चं मॅगझिन नळीवर आडवं, मग गोळ्या तिकडे आडव्या आणि नळी उभी. आत जातात कशा?

तोफखाना वाचक
मॅगझिनमध्ये गोळ्या नळीशी काटकोनात बसलेल्या असतात. मॅगझिनच्याच मागच्या टोकाला एक गोल घसरगुंडी आहे. स्प्रिंगने ढकललेली गोळी तिच्यावरून खाली उतरता उतरता नव्वद अंश वळते आणि बोल्टसमोर सरळ होऊन येते. प्लॅस्टिक अर्धपारदर्शक आहे, त्यामुळे किती उरल्या ते बाहेरून दिसतं.